पहिले साठ फूट

ऑटोमॅटिक जोरात सुटते की मॅन्युअल, हा वाद पुण्यात मिसळीच्या वादाइतकाच जुना. पण ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे थांबलेल्या गाड्या सरळ रेषेत पळवायच्या पट्टीवर, वाद घालायचा तर आधी घड्याळ समजून घ्या. शर्यत पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची. ते अंतर कापायची वेळ हिरवा दिवा लागल्यावर मोजायला सुरुवात होत नाही; पुढचं चाक रेषेवरचा प्रकाशकिरण सोडतं तेव्हा होते. तुम्ही दिव्यावर झोपलात तर शर्यत हराल, पण तुमची पाव मैलाची वेळ बिघडणार नाही. ती बिघडते पहिल्या साठ फुटांत.

तिथे अडचण साधी आहे. चाक थांबलेलं आणि इंजिन फिरतंय, त्यामुळे मधे काहीतरी घसरावंच लागतं. मॅन्युअलमध्ये क्लचप्लेट घसरते. चांदणी चौकात चढावर आपण हाफ क्लचवर गाडी धरतो, तेच इथे तीन-साडेतीन हजार आरपीएमवर, निमिषभरात करायचं. पाय पटकन उचलला तर चाक जागेवर फिरतं किंवा इंजिन दबतं. सावकाश उचलला तर प्लेट जळते. वास ओळखीचा असेलच!

ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि हे घसरणं त्याच्यातल्या तेलात होतं. ही कल्पना हरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची, १९०५ सालची, आणि तीसुद्धा जहाजांसाठी. गंमत अशी की क्लच नुसता घसरतो. कन्व्हर्टर घसरताना टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, वाढवतो, सुटताना जवळजवळ दुप्पट. शिवाय डाव्या पायाने ब्रेक दाबून उजव्याने रेस दिली की इंजिनावर भार येतो आणि टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, आधीच भरतो. मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये कितीही गुरगुरली तरी भार नाही, म्हणून बूस्टही, म्हणजे टर्बोचा दाबही, फारसा नाही. छोट्या टर्बो इंजिनांच्या आजच्या काळात मला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो. मात्र ती सगळी ताकद तेल तापवण्यात जाते, म्हणून दोन-तीन सेकंदांच्या वर धरू नका. बऱ्याच नव्या गाड्या दोन्ही पेडल एकदम दाबली की रेस कापतात, तेव्हा हे जमणारच नाही.

इथल्या बऱ्याच जणांकडे ‘ऑटोमॅटिक’ म्हणून एएमटी असेल. ती ऑटोमॅटिक नव्हे, क्लच दाबणारं यंत्र बसवलेली मॅन्युअल आहे. ब्रेक दाबलात की ती क्लच सोडवून बसते. तिला घेऊन सिग्नलवर शड्डू ठोकू नका. दोन क्लच आलटून पालटून वापरणाऱ्या ड्युएल क्लच गिअरबॉक्समध्येही कन्व्हर्टर नसतो, पण गाडी आपोआप सोडणारा लाँच कंट्रोल असेल तर संगणक माणसापेक्षा चांगला हाफ क्लच धरतो, आणि दर वेळी तसाच. आधी वेळ जाहीर करून तीच गाठायच्या ब्रॅकेट शर्यतीत अमेरिकेतले लोक ऑटोमॅटिक पसंत करतात ते याच कारणाने.

आता मॅन्युअलवाल्यांना थोडा दिलासा. ड्रॅग शर्यतीतल्या सगळ्यात वेगवान वर्गाच्या, टॉप फ्युएल गाड्यांत कन्व्हर्टर नसतो, क्लच असतो. पण तो पायाने नाही, ठरवून दिलेल्या वेळापत्रकाने टप्प्याटप्प्याने चावतो, आणि गिअर बदलायचा प्रश्नच नसतो. म्हणजे क्लच ठेवला, चालकाचा डावा पाय तेवढा काढून घेतला.

हे सगळं करून बघायचं तर बाणेरचा हायवे नको. अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन ही ड्रॅग शर्यत होते, तिथे जा, आणि चाकांतली हवा आधी तपासा.