शुद्धीवर असतानाच करायचे कागद

दिंडोरी तालुका, ऑक्टोबर महिना. द्राक्षबागांत गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, चालू आहे. छाटणीमागोमाग पेस्टिंग, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काड्यांना औषध लावणं, फुटवे निघाले की डाऊनी रोगाच्या फवारण्या, शिवाय दर आठवड्याला मजुरी. या दिवसांत पैसा आजच्या आज लागतो.

समजा, नेमक्या याच आठवड्यात बागेचे मालक पक्षाघातानं कोसळले. त्यांना नाशिकला आयसीयूत ठेवलंय. पैसा बँकेत आहे, पण खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर. पत्नी नॉमिनी आहे खरी, पण नॉमिनीचा हक्क खातेदार गेल्यावर सुरू होतो.

सही जमत नसली, तरी माणूस शुद्धीवर असेल तर वाट निघते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेता येतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. हाताचा जमेना तर पायाचाही चालतो. पण शुद्धच हरपली असेल तर? कोमातल्या माणसाला पालक नेमण्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. घरच्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. इकडे बाग थांबत नाही.

म्हणून मुखत्यारपत्र, म्हणजे आपण ज्याला 'पॉवर' म्हणतो तो आपल्या वतीनं कामं करण्याचा लेखी अधिकार, धडधाकट असतानाच करावं. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीसाठी दुचाकीवरून जाणाऱ्या तिशीतल्या मुलानंही करावं. पाय मोडून तीन महिने अंथरुणात पडायची वेळ आली, तर बँक, वीजजोडणी, तलाठ्याकडची कामं दुसरा कुणीतरी अधिकारानं करू शकतो.

देताना मात्र प्रत्येक ओळ स्वतः वाचा. एखाद्याच कामापुरतं विशेष मुखत्यारपत्र देता येतं. सगळ्या कामांसाठीच्या कुलमुखत्यारपत्रात जमीन विकण्याचा अधिकार घातलाय का, हे सही करण्याआधी बघा. नको असेल तर ती ओळ काढायला लावा. विश्वास मोडला, तर साधं मुखत्यारपत्र रद्दही करता येतं. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर जमिनीची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच स्पष्ट केलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच बहुतेकांना कुणी सांगत नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही, की साधं मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे स्मृतिभ्रंशात किंवा कोमात, जिथं त्याची गरज सर्वात जास्त, तिथंच ते उपयोगी पडत नाही. नुसत्या 'पॉवर'वर विसंबून राहणं मला धोक्याचं वाटतं, ते यामुळेच.

त्यावर निदान दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. एक, घरखर्चाचं आणि शेतीचं खातं दोघांच्या नावावर ठेवा, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असं, म्हणजे दोघांपैकी कुणालाही व्यवहार करता येतो. एकाची शुद्ध गेली, तर दुसऱ्यानं लगेच बँकेला कळवून पुढचा व्यवहार कसा करायचा ते विचारावं.

दुसरी, वैद्यकीय इच्छापत्र. व्हेंटिलेटर किती दिवस, आणि आपल्याला सांगता येत नसेल तेव्हा निर्णय कुणी घ्यायचा, हे त्यात लिहिता येतं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. त्यात जिचं नाव लिहिलं, त्या व्यक्तीला प्रत द्यायची, फॅमिली डॉक्टरलाही द्यायची.

आणि हे कागद लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, तर ऐनवेळी तोही उघडता येणार नाही.