बांबूच्या पट्ट्या आणि मारीने जपलेले कागद

पडद्यावर दिसणारी ही काळपट बांबूची पट्टी करंगळीहूनही अरुंद आहे आणि तिची लांबी सुमारे २७ सेंटिमीटर भरते. १९७२ च्या एप्रिलमध्ये चीनच्या शानडोंग प्रांतातील लिनयी येथे बांधकामासाठी खोदताना हान राजवटीच्या काळातील, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची थडगी लागली आणि त्यांतल्या चिखलपाण्यातून अशा हजारो पट्ट्या व तुकडे निघाले. पट्ट्या बांधणाऱ्या दोऱ्या केव्हाच कुजल्या होत्या, त्यामुळे कोणत्या ओळीनंतर कोणती ओळ येते, हे अभ्यासकांना एकेक तुकडा जुळवत ठरवावे लागले. याच ढिगात सुन त्झू आणि सुन बिन या प्राचीन चीनच्या दोन युद्धशास्त्रकारांचे वेगवेगळे ग्रंथ सापडले. ही दोन नावे एकाच माणसाची असावीत, हा जुना तर्क तिथे मागे पडला.

सुन त्झूच्या १३ प्रकरणांत युद्धाचा निकाल बराचसा आधीच, पूर्वजांच्या मंदिरात केलेल्या हिशेबात लागतो. आता दिसतो आहे तो आडव्या धनुष्याचा कांस्याचा चाप. ताणलेले धनुष्य म्हणजे साठवलेला जोर आणि चाप ओढणे म्हणजे नेमकी वेळ, ही उपमा पाचव्या प्रकरणातली. शेवटचे प्रकरण हेरांचे आहे, कारण शत्रूची खबर कौल लावून मिळत नाही, ती माणसांकडूनच काढावी लागते.

प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचा युद्धविचारक कार्ल फॉन क्लाउझेविट्स नेमका इथे अडतो. बाराव्या वर्षी सैन्यात गेलेल्या आणि १८०६ च्या पराभवानंतर फ्रेंचांच्या कैदेत पडलेल्या या अधिकाऱ्याच्या मते युद्धातल्या बातम्या बहुतांशी परस्परविरोधी, खोट्या किंवा संशयास्पद असतात. पाण्यात साधे चालणेही जड जाते, तशी रणांगणावर सोपी गोष्टही अवघड होते. याला तो घर्षण म्हणतो. पूर्वेकडे युक्ती आणि पश्चिमेकडे बळ, ही वाटणी (व्यवस्थापनाच्या वर्गांत ती फार चालते) आम्हाला उथळ वाटते. आधी मिळवलेल्या माहितीवर किती विसंबावे, हा या दोघांमधला खरा वाद आहे.

१८३१ मध्ये क्लाउझेविट्स पटकीच्या साथीत गेला, तेव्हा ‘युद्धाविषयी’ (Vom Kriege) या आपल्या ग्रंथाचे केवळ पहिले प्रकरण त्याला पुरे झालेले वाटत होते. उरलेली हस्तलिखिते पत्नी मारीने १८३२ पासून छापून आणली. पुढे लेनिनने त्या ग्रंथातून टिपणे काढली, माओने तो १९३८ मध्ये वाचला. आता दिसते आहे ती कबर जर्मनीतल्या बुर्ग या क्लाउझेविट्सच्या जन्मगावची आहे. त्याच्या आणि मारीच्या अस्थी १९७१ मध्ये पोलंडमधून इथे आणण्यात आल्या.