थकव्याचा आजार आणि नायट्रिक ऑक्साईड

श्रोतेहो, नमस्कार. ‘नायट्रिक ऑक्साईड वाढवणारी’ पावडर हल्ली सहज मिळते. क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या रुग्णाने ती घ्यावी का, या प्रश्नाचं उत्तर आज बघू.

आधी आजार ओळखू. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली निकष ठरवले. सहा महिन्यांहून जास्त काळ काम करण्याची क्षमता खूप घटलेली असणं, झोपूनही ताजंतवानं न वाटणं आणि श्रमानंतर त्रास उसळणं, ही तिन्ही लक्षणं हवीत. शिवाय विचारांचा गोंधळ किंवा उभं राहिल्यावर होणारा त्रास, यांपैकी एक तरी हवं. मुख्य खूण श्रमानंतरच्या उसळीची. रविवारी लग्नाला जाऊन आलेली बाई त्या रात्री बरी दिसते, आणि मंगळवारी सकाळी केस विंचरायला तिचा हात वर होत नाही. ही उसळी बहुधा १२ ते ४८ तासांनी येते आणि दिवसचे दिवस टिकते. घरच्यांना ती ढोंग वाटते, आणि रुग्णावर होणारा हा मोठा अन्याय आहे.

आता नायट्रिक ऑक्साईड. नायट्रोजनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक. आर्जिनीन या अमिनो आम्लापासून शरीर हा वायू तयार करतं. त्यासाठी तीन एन्झाइम्स आहेत: एक चेतापेशींत, एक रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, तिसरं रोगप्रतिकारक पेशींत. अस्तरातला वायू अगदी थोडा असतो, पण त्यानेच रक्तवाहिनी सैल होऊन रुंदावते. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. तिसरं एन्झाइम जंतुसंसर्गात जागं होतं आणि जंतू मारण्यासाठी हाच वायू कितीतरी जास्त प्रमाणात, बराच वेळ सोडत राहतं.

बऱ्याच रुग्णांचा आजार विषाणुसंसर्गानंतर सुरू होतो. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतले जीवरसायनशास्त्रज्ञ मार्टिन पॉल यांनी २००० साली नेमका हा धागा धरला. नायट्रिक ऑक्साईडची सुपरऑक्साईडशी, म्हणजे ऑक्सिजनच्या एका आक्रमक रूपाशी, गाठ पडली की पेरॉक्सिनायट्राइट हे घातक संयुग तयार होतं. ते मायटोकॉन्ड्रियातली, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार होते तिथली, एन्झाइम्स निकामी करतं. एवढ्यावर थांबत नाही. नायट्रिक ऑक्साईड तयार करणाऱ्या एन्झाइमला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा सहायक पदार्थ लागतो, पेरॉक्सिनायट्राइट तोही बिघडवतं. मग तेच एन्झाइम सुपरऑक्साईड सोडू लागतं, म्हणजे आणखी पेरॉक्सिनायट्राइट. पॉल यांच्या मते हे दुष्टचक्र संसर्ग संपल्यावरही चालूच राहतं.

यातली सुटी रसायनक्रिया प्रयोगशाळेत दिसलेली आहे. पण रुग्णाच्या शरीरात हे चक्र वर्षानुवर्षं फिरतं आणि आजार त्यानेच होतो, हे सिद्ध झालेलं नाही. उलट दिशेचे पुरावेही आहेत. रुग्णांच्या रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे द्रव भाग, रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींवर घातला, तेव्हा त्या पेशींनी नायट्रिक ऑक्साईड कमी तयार केलं, असं २०२२ साली प्रसिद्ध झालं. काही रुग्णांच्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत, हेही मोजलं गेलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच शरीरात असू शकतात: एका जागी अतिरेक, दुसऱ्या जागी तुटवडा.

म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की हा वायू अंदाजाने वाढवूही नये आणि दाबूही नये. पुढची दोन उदाहरणं वेगळ्या रुग्णांची आहेत, तरी डोळे उघडणारी आहेत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर, हा वायू वाढावा म्हणून, आर्जिनीन देण्याची अमेरिकेतली चाचणी थांबवावी लागली. २००६ च्या अहवालानुसार आर्जिनीनच्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळतो तेव्हा, हा वायू रोखणारं औषध दिलं, तिथेही मृत्यू वाढले. अंजायनासाठी, म्हणजे हृदयाच्या छातीदुखीसाठी, जिभेखाली ठेवायची गोळी किंवा सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेणाऱ्याने अशी पावडर घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

‘रक्तात मोजून बघू’ म्हणाल, तर हा वायू रक्तात काही क्षणही टिकत नाही. हिमोग्लोबिन तो लगेच संपवतं. लॅब मोजते ते नायट्राइट आणि नायट्रेट. आदल्या रात्री पालक, मुळा किंवा बीट खाल्लं असेल तर आकडा चढतो. जंतुनाशक माउथवॉशने जिभेवरचे, नायट्रेटचं नायट्राइट करणारे जीवाणू मरतात आणि लाळ तपासायच्या पट्टीवरचा आकडा उतरतो. अशा आकड्यावरून औषध ठरवू नका.

त्यापेक्षा उभं राहण्याची तपासणी उपयोगी. डॉक्टरांना विचारून, शेजारी सोबतीला माणूस ठेवूनच करा. दहा मिनिटं आडवं पडून नाडी आणि रक्तदाब लिहा. मग टाचा भिंतीपासून साधारण १५ सेंटीमीटर पुढे ठेवून, पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकवून दहा मिनिटं उभं राहा. दर मिनिटाला दोन्ही आकडे लिहा. चुळबुळ केली, पाय हलवले, तर पोटऱ्या रक्त वर ढकलतात आणि दोष झाकला जातो. दंड हृदयाच्या पातळीवर हवा. भोवळ आली की लगेच आडवं व्हा. प्रौढांची नाडी ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढून वरच राहिली, अथवा वरचा रक्तदाब २० ने उतरला, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या, कारण बीटा-ब्लॉकरसारखं नाडी मंद करणारं औषध नाडीची वाढ लपवतं. आणि पावडर घेत असाल तर तिचा डबाही न्या.