हेवी मेटल आणि मारबत

मागच्या खुर्च्यांपर्यंत आवाज येतोय ना? नसेल तर आजचा विषयच वाया गेला. पत्रिकेत छापलंय, ‘हार्ड रॉक ते मेटल : वाटचाल आणि मैफलीची ओढ’. मेटल म्हणजे विजेच्या गिटारींचं दणदणीत रॉक संगीत. मघाशी ओळख करून देताना बाईंनी ‘मेटल’चं ‘मेंटल’ केलं. आमच्या घरचे तेच म्हणतात, त्यामुळे राग नाही.

माझं म्हणणं एकच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महाल-इतवारीत, मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत उभं राहून ज्याने ‘घेऊन जा गे मारबत!’ असा घसा फोडलाय, त्याला मेटलची मैफल समजावून सांगावी लागत नाही. काळी मारबत, पिवळी मारबत असे मोठाले पुतळे, मागे बडगे, तेही पुतळेच. वर्षभर ज्याची चीड आली ते सगळं त्या बडग्यावर लिहायचं, ओरडायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. कुणी त्याला हिंसक म्हणतं का? मग चार पोरं काळे शर्ट घालून मान हलवायला लागली की लगेच ‘काय होऊन राहिलं बे हे?’

आता बर्मिंगहॅमला जाऊ. कारखान्यांचं शहर. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला. शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, काम अर्धवट टाकायचं नाही. (पहिल्या रांगेतल्या काकू मान डोलवतायत, बघा.) गेला, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. पुढे १९७१च्या तिसऱ्या अल्बममध्ये काही गाण्यांसाठी तारा चक्क तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. ढिल्या तारेचा तो जड, खर्जातला आवाज म्हणजे त्याचा बँड, ब्लॅक सॅबथ.

आपल्या गाणाऱ्या मंडळींसाठी एक सांगतो. अ‍ॅम्प्लिफायर फाटेस्तोवर चढवला की गंधार घातलेला कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले स्वर, गढूळ होतो. म्हणून ही मंडळी गंधार काढूनच टाकतात. उरतं काय? षड्ज-पंचम! आपला तानपुरा. आणि १३ फेब्रुवारी १९७०ला आलेल्या सॅबथच्या पहिल्या अल्बममधलं पहिलंच गाणं : षड्ज, वरचा षड्ज आणि तिथून धाडकन तीव्र मध्यमावर. मारव्याची हुरहुर नाही हो, सरळ पोटात गोळा.

आता माझी मैफल. २००७. आयर्न मेडन हा इंग्लिश मेटल बँड पहिल्यांदा भारतात, १७ मार्च, बंगळुरूचं पॅलेस ग्राउंड. ऑफिसात अर्ज टाकला : मावसभावाचं लग्न. गर्दीच्या एका लाटेत माझा डावा बूट गेला. वाकलो तो पडलोच. शेजारच्या पोराने काखेत हात घालून उचललं आणि विचारलं, ‘ओके, अंकल?’ मी तेव्हा एकतीस वर्षांचा! पण लक्षात घ्या, तिथे पडलेल्याला आधी उचलतात, मग नाचतात. नंतर कुणीतरी पायाशी एक बूट सरकवला. डावाच होता, पण माझा नव्हता. एक काळा, एक तपकिरी, असा मी नागपूर स्टेशनवर उतरलो. बुधवारी साहेबांनी विचारलं, ‘नवरी कशी आहे?’ कानात अजून शिट्टी वाजत होती. मी म्हणालो, ‘हो साहेब, फार गर्दी होती.’

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अरे बाप्पा, वाटचाल राहिलीच!

पटापट. डीप पर्पल या बँडने ब्लूजला, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याला, वेग आणि ऑर्गन दिला. १९७२ साली ओसाका-टोकियोत केलेलं त्यांचं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका, स्टुडिओतली गाणी तिथे लांबतात, वाढतात, ख्याल वाढतो तशी. मग बाकीचे बँड : जुडास प्रीस्टने ब्लूज हळूहळू गाळला, दोन गिटारी समोरासमोर आणल्या, चामडं-खिळे घातले. मोटरहेडने वेग वाढवला. १९८३ला मेटॅलिकाचा पहिला अल्बम, तिथून थ्रॅश, म्हणजे सुसाट मेटल. मग डेथ, ब्लॅक, डूम असे मेटलचे प्रकार, त्यांची भांडणं आपल्या घराण्यांसारखीच, चहावर बोलू.

आणि मैफल कशासाठी? कारण खर्ज कानाने नाही, छातीने ऐकायचा असतो; घरच्या स्पीकरवर तो येत नाही, आणि आला तर शेजारी येतात. दुसरं, मेडनच्या मैफलीत लोक गिटारची सुरावट गातात. शब्द नाहीत, नुसतं ‘ओ ओ ओ’, हजारो गळे. तमिळ, कन्नड, आसामी, आणि मधे एक महालातला बेसूर. मला तिथे मारबतच आठवली.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. तो बूट मी पिशवीतून आणलाय, चहाच्या टेबलाजवळ ठेवतो. आठ नंबर, डावा, तपकिरी. कुणाचा असेल तर घेऊन जा.