मुरुड ते हिंगणे

मुलांनो, आणि मागे उभ्या असलेल्या पालकांनो,

निकाल लागून आठवडा झाला. काहींच्या घरी पेढे वाटले गेले, काहींच्या घरी त्या रात्री कुणी धड जेवलं नाही. मला आज त्या दुसऱ्या घरांशी जास्त बोलायचं आहे.

आपल्याच दापोली तालुक्यातल्या मुरुडचा एक मुलगा १८७५च्या सुमारास सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. पाठीवर सामान, चार सोबती, मध्ये सह्याद्री आणि शंभराहून जास्त मैलांची पायपीट. अट होती १७ वर्षं वयाची. मुलगा अंगाने किरकोळ, म्हणून ‘हा १७चा दिसत नाही’ असं म्हणत त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही. तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे, आपले अण्णा.

हा प्रसंग तुम्ही ऐकलेला असतो. आपण त्या चालण्याचं कौतुक करतो आणि गोष्ट तिथेच सोडतो. मला त्याच्या पुढचं मोठं वाटतं. मुलगा घरी आला, पुन्हा पुस्तकं उघडली आणि नंतर कोल्हापूरहून ती परीक्षा पास झाला. मॅट्रिक झाला तेव्हा वय २३. बी.ए. झाला २६व्या वर्षी. पालकांनो, हे आकडे जरा मनात ठेवा.

कष्ट केले की यश मिळतंच, असं मी सांगणार नाही. ऐन मोहोरात अवकाळी पडला की तुडतुडे आणि भुरी वर्षाची मेहनत खाऊन टाकतात, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. पण धीर धरायचा म्हणजे नेमकं काय करायचं, तेही आपली बागच दाखवते. हापूसचं कलम लावलं की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच त्याला मोहोर फुटतो. झाड जेमतेम कंबरेएवढं, शेंड्याला तांबूस तुरा. घरातली पोरं हरखतात. जाणता बागायतदार तो तुरा बोटांनी खुडून टाकतो. फळ धरू दिलं तर सगळा जोर त्यातच जाईल, मुळं आणि फांद्या पोसणार नाहीत. चार-पाच वर्षं असंच चालतं. तोवर आळं करणं, शेणखत घालणं, उन्हाळ्यात पाणी घालणं, वणवा लागू नये म्हणून भोवतीचं गवत काढणं, यातलं काहीही चुकवून चालत नाही.

अण्णांनी १८९३मध्ये एका विधवेशी लग्न केलं आणि मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १८९६मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे पुण्याजवळच्या हिंगण्याला एका झोपडीत गेला. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं आणि मग चिखल तुडवत हिंगण्याला चालत जायचं, असा त्यांचा क्रम होता. १९१६मध्ये महिला विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच! मुंबईचे उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लाखांची देणगी आली ती १९२०मध्ये. त्याआधी दारोदार फिरून मिळेल तो रुपया त्यांनी घेतला. आणि १९३६मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी ते पुन्हा वर्गणी मागत फिरू लागले.

१९५८मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. ते मिळालं नसतं, तरी मी त्यांना यशस्वीच म्हटलं असतं. घराच्या कोपऱ्यात डांबलेल्या बाया त्यांच्यामुळे शिकल्या, शिक्षिका झाल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

पालकांना एकच विनंती: पुढचे काही महिने शेजारच्या मुलाचे टक्के घरात काढू नका. आणि मुलांनो, ज्यांना पुरवणी परीक्षेला बसायचं आहे, त्यांच्यासाठी शाळेची वरची खोली संध्याकाळी सहा ते नऊ उघडी असेल. गणिताची वही घेऊन या. मी तिथे असेन.