भारत रशियाविरुद्ध मत का देत नाही? गोष्ट गोव्यापासून सुरू होते

[दृश्य : पत्रादेवी, हुतात्मा स्मारक, हायवेवरच्या गाड्या]

बांदा सोडून गोव्यात शिरलं की लगेच हे स्मारक लागतं, पत्रादेवीचं. गाड्या सुसाट निघून जातात, फार कुणी थांबत नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला या भागातून सत्याग्रही तिरंगा घेऊन निशस्त्र आत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर सरळ गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट तुकडी घेऊन गेले होते, मग मधू लिमये गेले, पुण्यात गोवा विमोचन सहाय्यक समिती दिवसरात्र राबत होती, गावोगावची पोरं घरी न सांगता निघत होती. आपल्याकडच्या कितीतरी घरांत अजून या आठवणी आहेत.

आता तुम्ही म्हणाल, विषय युक्रेन युद्धावरच्या भारताच्या भूमिकेचा आणि कॅमेरा पत्रादेवीला कसा? कारण यूएनमध्ये भारत रशियाविरुद्ध मत देत नाही याची बातमी आली की लोक डायरेक्ट २०२२ पासून बोलायला लागतात, आणि तिथून सुरुवात केली तर अर्धी गोष्ट कळतच नाही.

[दृश्य : मांडवी, पणजीचं जुनं सचिवालय, मग सुरक्षा परिषदेचं सभागृह]

डिसेंबर १९६१. १७ तारखेची रात्र सरता सरता ऑपरेशन विजय सुरू झालं, मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखाली सैन्य गोव्यात उतरलं, समुद्रातून नेव्ही, वरून एअर फोर्स. लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा हुकूम होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा. आणि इकडे हे चालू असताना तिकडे न्यूयॉर्कमध्ये पोर्तुगालने सुरक्षा परिषदेचं दार ठोठावलं.

१८ डिसेंबर. हे सभागृह नीट बघा, घोड्याच्या नालासारखं टेबल, तेव्हा त्याभोवती अकराच देश बसायचे. अमेरिकेचे अॅडले स्टीव्हन्सन बोलायला उठले आणि त्यांनी भारताला फार कडक शब्दांत सुनावलं, बळाचा वापर असा खपवून घेतला तर यूएनचाच शेवट होईल, इथपर्यंत गेले. भारताच्या बाजूने सी. एस. झा होते. त्यांचं म्हणणं साधं होतं, की गोवा हा पोर्तुगालचा प्रांत नाही, ती वसाहत आहे, साडेचारशे वर्षं बळकावलेली जमीन आहे, आणि एक वर्षापूर्वी याच यूएनने वसाहती संपल्या पाहिजेत असा ठराव केलाय. आमचा देश आमच्याच जमिनीवर आक्रमण कसं करेल?

मग अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा ठराव आला. युद्ध ताबडतोब थांबवा आणि भारताने सैन्य मागे घ्यावं, १७ डिसेंबरच्या आधी होतं तिथे न्यावं. बाजूने मतं पडली सात. विरोधात चार, सोव्हिएत युनियन, सिलोन (आताची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे तेव्हाचा इजिप्त). अकरापैकी सात मतं म्हणजे ठराव पास व्हायला जेवढी लागायची बरोब्बर तेवढी! म्हणजे मोजणीत आपण हरलो होतो. पण त्या चारांतलं एक मत सोव्हिएत युनियनचं होतं, त्यांचे प्रतिनिधी झोरिन यांचं, आणि कायमस्वरूपी सदस्याचा विरोध म्हणजे व्हेटो. ठराव तिथेच पडला.

जरा विचार करा, व्हेटो पडला नसता तर आपले जवान मांडवीपाशी उभे आणि जग त्यांना सांगतंय की मागे फिरा. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. गोवा मुक्त झाला त्याचं श्रेय सत्याग्रहींना आणि जवानांना, त्यात वाटेकरी कुणी नाही. पण त्या रात्री न्यूयॉर्कमध्ये आपल्यासाठी कोण उभं राहिलं आणि कोण आपल्याला आक्रमक म्हणालं, हे दिल्लीतल्या साउथ ब्लॉकने, म्हणजे परराष्ट्र खात्याने, कधी विसरलं नाही, आणि विसरू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

पुढे १९६२ ला काश्मीरच्या ठरावावर तोच व्हेटो. १९७१ च्या डिसेंबरमध्ये बांगलादेशच्या वेळी तर एकामागून एक तीनदा.

[दृश्य : यूएन महासभा, मतदानाचा बोर्ड]

२ मार्च २०२२. महासभेचं आणीबाणीचं खास अधिवेशन. समोरच्या मोठ्या बोर्डवर सगळ्या देशांची नावं आणि नावापुढे दिवा, हिरवा म्हणजे बाजूने, लाल म्हणजे विरोधात, पिवळा म्हणजे तटस्थ. रशियाने युक्रेनमधून सैन्य मागे घ्यावं असा ठराव. हिरवे १४१, लाल ५, पिवळे ३५. आणि भारतापुढे पिवळा.

आपल्याकडे टीव्हीवर फक्त हा पिवळा दिवा दाखवतात आणि पुढे जातात. पण मतदान झालं की प्रत्येक देशाला आपल्या मताचं स्पष्टीकरण द्यायची सोय असते, दोन-चार मिनिटांचं निवेदन, आणि खरी भूमिका तिथे असते. भारताचे प्रतिनिधी तिरुमूर्ती यांची त्या दिवसांतली निवेदनं सलग वाचली तर त्याच गोष्टी परत परत येतात, यूएनचा चार्टर, आंतरराष्ट्रीय कायदा, प्रत्येक देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता. डिप्लोमसीचा रस्ता सोडला गेला याचं दुःख आहे, असंही ते सुरक्षा परिषदेत बोलले. रशियाचं नाव घेतलं नाही, पण अखंडता कुणाची मोडली हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. मॉस्कोलाही.

[दृश्य : मुंबई एअरपोर्ट, बुखारेस्टहून आलेलं विमान, हातात झेंडे घेतलेली मुलं]

हे २६ फेब्रुवारी २०२२, मुंबई. युक्रेनमधून आपली माणसं परत आणायच्या ऑपरेशन गंगाचं पहिलं विमान, २१९ जण. या मुलीकडे बघा, पाठीला सॅक, दुसरं सामानच नाही. यानंतर सगळी मिळून साडेबावीस हजारांच्या आसपास माणसं युक्रेनमधून परत आली. युक्रेनमधल्या सुमी शहरात आपली मुलं अडकली होती, बाहेर पडायच्या रस्त्यावर दोन्हीकडून मारा चालू, तेव्हा ७ मार्चला पंतप्रधान मोदी पुतीन यांच्याशी पण बोलले आणि युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांच्याशी पण, आणि दुसऱ्या दिवशी मुलं बसने निघाली. दोन्ही बाजूंशी बोलता येण्याला किती किंमत आहे ते त्या मुलांच्या आईबापांना विचारा.

आणि दरवेळी पिवळाच दिवा होता असंही नाही. युक्रेनच्या बुचा गावात रस्त्यावर नागरिकांचे मृतदेह सापडले तेव्हा भारताने सुरक्षा परिषदेत त्या हत्यांचा स्पष्ट निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीला पाठिंबा दिला. ऑगस्टमध्ये झेलेन्स्की यांना व्हिडिओवरून बोलू द्यायचं की नाही यावर रशियाने मतदान मागितलं, भारताने रशियाच्या विरोधात हात वर केला. ऑक्टोबरमध्ये महासभेत युक्रेनचे भाग रशियाला जोडण्याच्या प्रश्नावर गुप्त मतदान घ्या असा रशियाचा आग्रह होता, भारत म्हणाला नाही, उघडच होऊ दे. त्याच्या आधी सप्टेंबरमध्ये समरकंदला पुतीन शेजारी बसलेले आणि मोदींनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की आजचा काळ युद्धाचा नाही. इतकं तोंडावर पुतीनना त्या वर्षी फार कमी जण बोलले असतील.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गोवा आणि युक्रेन सारखे नाहीत. गोवा वसाहत होती, युक्रेन हा सीमा मान्य असलेला स्वतंत्र देश आहे, आणि १९६१ चा आधार घेऊन रशियाच्या हल्ल्याला बरोबर ठरवता येत नाही, भारत सरकारनेही तो कधी बरोबर ठरवलेला नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपण कुठलं बटण दाबायचं हे आपल्या अनुभवावरून आपण ठरवणार, दुसऱ्याच्या धाकाने नाही.

[दृश्य : ब्रातिस्लावा, जयशंकर स्टेजवर, मग पुन्हा महासभा]

जून २०२२ मध्ये स्लोव्हाकियात, ब्रातिस्लावाला परराष्ट्रमंत्री जयशंकर हेच बोलले, युरोपचे प्रॉब्लेम म्हणजे जगाचे प्रॉब्लेम पण जगाचे प्रॉब्लेम युरोपचे नाहीत, ही मानसिकता सोडा. क्लिप तुम्ही बघितली असेलच. पण माझ्या मते त्याहून जास्त बोलकं आहे ते २४ फेब्रुवारी २०२५ चं मतदान. युद्धाला तीन वर्षं झाली, युक्रेन आणि युरोपचा ठराव महासभेत आला, आणि भारताला तीन वर्षं बाजू निवडा, बाजू निवडा म्हणून सांगणाऱ्या अमेरिकेने लाल बटण दाबलं, रशियाबरोबर! ठराव ९३ मतांनी पास झाला. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत अमेरिकेचा वेगळा ठराव आला तेव्हा तटस्थ राहिलेल्या पाच देशांत ब्रिटन आणि फ्रान्स होते. म्हणजे ज्यांनी तटस्थपणाला नावं ठेवली त्यांनाही अडचणीच्या वेळी तोच मार्ग घ्यावा लागला. भारत त्या दिवशी महासभेत जिथे २०२२ ला होता तिथेच होता.

[दृश्य : तेलाचं जहाज, बंदर, कंटेनर]

या भूमिकेचा फायदा झाला, किंमतही मोजावी लागली. युद्धाआधी आपल्या आयात कच्च्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्के पण नव्हता, पुढे तो पस्तीस टक्क्यांच्या आसपास गेला, आणि त्यावरून अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या मालावर आणखी २५ टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावून एकूण ५० टक्क्यांवर नेला, कोळंबी, कापड, हिरे सगळ्यांना फटका. रशियन सैन्यात नोकरीच्या नावाखाली अडकलेली भारतीय मुलं होती, जानेवारी २०२५ पर्यंत परराष्ट्र मंत्रालयाच्या नोंदीत १२६ जण, त्यातले ९६ परत आले, १२ मारले गेले, १६ बेपत्ता. ज्या मॉस्कोशी आपण इतकं जपून बोलतो त्या मॉस्कोकडून राहिलेल्यांचा हिशोब दिल्लीने मागितलाय आणि तो पूर्ण मिळेपर्यंत मागत राहिलं पाहिजे.