काठ, दशा आणि लेस

अध्यक्षबाई, वाचनालयाचे पदाधिकारी आणि एवढ्या उकाड्यातही आवर्जून आलेल्या श्रोत्यांनो,

पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘यंत्राने लेसचे काय केले’ असा छापला आहे आणि त्या विषयाकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी मला गेली कित्येक वर्षे छळणाऱ्या एका समजुतीचा समाचार घेऊ द्यावा. लेस, किनार, झालर, गोंडे, भरतकाम हे सारे कपड्याला वरून लावायचे असते आणि शिवण झाल्यावर वेळ व पैसे उरले तर करायची ती हौस असते, अशी ती समजूत आहे. चाळीस वर्षे शिवणवर्ग चालवल्यानंतर माझे मत नेमके उलट झाले आहे. कापड जेथे कापले जाते, जोडले जाते किंवा झिजते तेथे आधी काहीतरी करावेच लागते आणि ते करता करता हात रेंगाळला की नक्षी होते.

कापडाला बाजू चार असल्या तरी कडा दोनच प्रकारच्या असतात. मागावर आडवा धागा वाहून नेणारा धोटा एका टोकाला जाऊन परत फिरतो, तेथे तो आडवा धागा, म्हणजे बाणा, तुटत नाही, नुसता वळतो, तो काठ. ताणा, म्हणजे उभे धागे, मात्र कापड मागावरून उतरवताना कापावाच लागतो आणि तेथे सुटी टोके लोंबत राहतात, त्या दशा. पहिल्या रांगेतील भगिनींनी आपापला पदर हातात घेऊन पाहावा. बंधूंनी उपरणे आठवावे. ज्यांनी ते मुंजीनंतर वापरलेच नाही, त्यांनी शेजारच्या पदराकडे पाहण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

दशांना गाठी मारल्या नाहीत तर बाणा एकेक करून सुटत जातो, म्हणून गाठी आल्या, आणि गाठी मारायच्याच आहेत तर चारचार दशा घेऊन जाळीसारख्या माराव्यात असे कोणाला तरी वाटले, म्हणून गोंडे आले. शुद्ध द्वितीयेच्या चंद्राला दशी वाहून ‘जुने घे, नवे दे’ म्हणणारी माणसे या सभागृहात अजून असतील. वस्त्रातून सहज ओढून काढता येणारा धागा कडेलाच असतो, तेव्हा चंद्रकोरीला आपण कापडाचीही कोरच देत होतो. कोर हा शब्द भाकरीला चालतो, चंद्राला चालतो आणि मुंबईच्या पारशी घरांत तो साडीलाही चालत असे. चीनमधील कँटनहून भरतकाम केलेल्या रेशमी पट्ट्या येत, त्यांना पारशी घरांत कोरच म्हणत. साडी विरली की कोर उसवून ती नव्या साडीला लावत. साडी आधी जायची आणि कोर मागे राहायची.

आपल्याकडे काठ साडीतच विणलेला असल्यामुळे तो असा काढून ठेवता येत नाही, पण माझा मुद्दा तेथेही टिकतो. विदर्भातील टसरच्या करवतकाठी साडीत अंगाचा बाणा वेगळ्या धोट्याने आणि काठाचे बाणे वेगळ्या धोट्यांनी विणतात आणि दोन्ही एकमेकांत अडकवत जातात. त्या अडकणीच्या जागी करवतीचे दात उमटतात. ते दात कोणी शोभेसाठी काढलेले नाहीत. सांधा घट्ट बसावा म्हणून केलेली ती सोय आहे. इरकलीत रेशमी पदराचा ताणा अंगाच्या सुती ताण्याला फासे घालून जोडतात. फास हा शब्द कृपया लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता माझ्या परकराची गोष्ट, जी माझ्या विद्यार्थिनींना तोंडपाठ आहे आणि ज्यांना ती ठाऊक आहे त्यांनी चेहऱ्यावर तसे दाखवू नये. लहानपणी आमचे परकर वाढत्या अंगाचे शिवत. घोळाला चार-पाच बोटांची दुमड आत ठेवायची आणि मुलगी उंच झाली की ती उसवून सोडायची. दुमड सोडली की कापड पुरते, पण जेथे घडी होती तेथे रेघ राहते, कारण बाहेरचा रंग उन्हात आणि साबणात उडालेला असतो आणि आतला तसाच असतो. ती रेघ म्हणजे ‘हिला यंदा नवा परकर नाही’ अशी जाहीर सूचनाच. आईने त्या रेघेवर क्रोशाची दोन बोटे रुंद लेस विणून लावली. शाळेतील मुलींना ती इतकी आवडली की दिवाळीत दोघींनी नव्या कोऱ्या परकरांना, कोणतीही रेघ नसताना, तेवढ्याच उंचीवर तशीच लेस लावून घेतली. घडी लपवण्याची युक्ती दोन महिन्यांत फॅशन कशी होते, हे मी वयाच्या नवव्या वर्षी पाहिले, आणि त्यानंतर या विषयावर जे जे वाचले ते मला पुनरुक्तीच वाटले.

आता तक्रार. माझ्या मुलीच्या महाविद्यालयातील स्नेहसंमेलनासाठी चार मीटर घोळाचा घागरा एका शिंप्याकडे दिला होता. त्यांचे नाव सांगत नाही, ते आता या जगात नाहीत आणि असते तरी सांगितले नसते. त्या वेळी माझ्या वर्गाच्या परीक्षा होत्या, म्हणून स्वतः शिवणारी मी दुसऱ्याच्या दारात गेले. बजावून सांगितले होते की लेस सुती आहे, ती रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच लावा. घागरा पॉलिएस्टरचा होता, म्हणजे तो आटणारा नव्हता. संमेलनात घागरा सुंदर दिसला. दुसऱ्या दिवशी धुतला आणि तळताना पापड कडेने जसा वर वळतो तसा त्याचा घोळ वळला. सुती लेस शेकडा पाच आटली तरी चार मीटरांत वीस सेंटिमीटर कमी होतात. आणि लेस आखडली की तिला टिपेने बांधलेले कापडही बिचारे तिच्याबरोबर गोळा होते. मी घागरा घेऊन गेले. शिंपी शांतपणे म्हणाले, “ताई, लेस नवी कोरी होती, ती आधी धुवायची कशाला? मळली होती का?” मी त्यांना ताणा-बाणा, सुताचा पीळ, मागावरचा ताण पाण्यात कसा सुटतो, हे सगळे दुकानाच्या पायरीवर उभी राहून समजावले. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “मग तुम्ही कोरडी धुलाई का नाही केली?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. ती चार मीटरांची टीप मी घरी दोन संध्याकाळी बसून उसवली. शिवणवर्गात तेव्हापासून पहिला धडा लेस भिजवण्याचा असतो. सुई हातात दुसऱ्या दिवशी मिळते.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली असे त्यात लिहिले आहे आणि खाली ‘चहा तयार आहे’ अशी प्रेमळ धमकीही आहे. तेव्हा पत्रिकेतील विषय आता जरा पळतच गाठते.

लेस हा शब्द लॅटिनमधील फास या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. बुटाची लेस आणि झबल्याची लेस यांचे नाव एकच आहे, तो योगायोग नव्हे. युरोपात सुईची लेस निघाली ती कापड कापून. आधी कापडात भोके पाडून कडा टाक्यांनी बांधत. पुढे भोके मोठी होत गेली आणि कापड कमी होत गेले. 16व्या शतकात व्हेनिसमध्ये कापडच काढून टाकले. चर्मपत्रावर धागे टाचायचे, त्यांच्या आधाराने टाके घालायचे आणि शेवटी टाचणीचे धागे कापून चर्मपत्र दूर करायचे. तिकडे या कामाला ‘हवेतला टाका’ म्हणत. ही लेस इतकी महाग झाली की फ्रान्सचा पैसा बाहेर जाऊ नये म्हणून चौदाव्या लुईच्या मंत्र्याने, कोलबेअरने, 1665 मध्ये लेसचे सरकारी कारखानेच उभारले. आलाँसाँची लेस त्यातूनच नावारूपाला आली.

मग यंत्र आले. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटने 1809 मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. 1816 मध्ये लडाइटांनी, म्हणजे यंत्रांना विरोध करणाऱ्या कामगारांनी, लाफबरो येथील त्याच्या कारखान्यात घुसून यंत्रे फोडली आणि तो आपला पसारा डेव्हनमधील टिव्हर्टनला घेऊन गेला. 1863 मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन भागात इझाक ग्रोब्ली याने शिफली यंत्र काढले. त्याचा धोटा होडीच्या आकाराचा आणि शिफली म्हणजे छोटी होडी. त्या यंत्राने कापडावर भरतकाम करून मग खालचे कापड रसायनाने विरघळवायचे, की उरते ती नुसती लेस. म्हणजे व्हेनिसच्या बायका जे चर्मपत्र हाताने दूर करत होत्या, तेच काम आता हौदात होऊ लागले. म्हणून यंत्राने लेस बिघडवली असे मी म्हणणार नाही, ही यंत्राची कल्पनाच मुळी व्हेनिसची आहे. यंत्राने केले ते इतकेच की लेसला कडेवरून उठवले. ती रिळावर, मीटरवर विकत मिळू लागली, तेव्हा तिला कड उरली नाही. गळ्याखाली, बाहीच्या मध्ये, पाठीवर, जेथे ना सांधा आहे ना घडी, तेथेही ती जाऊन बसली. रेघेशिवाय लेस लावून घेणाऱ्या त्या दोन मुलींचे हे औद्योगिक रूप आहे.

आपल्या बाजूने एकच उदाहरण देते. 30 मार्च 2023 रोजी दियोर या पॅरिसच्या फॅशन घराण्याने गेटवे ऑफ इंडियासमोर आपला संग्रह सादर केला, तेव्हा कमानीत मुंबईच्या कारागिरांनी भरलेले भलेथोरले तोरण टांगले होते. तोरण म्हणजे दाराची किनारच. त्या घराण्याने ती कड बरोबर ओळखली याचे मला कौतुक वाटले. साड्यांच्या फॉलबद्दल, नऊवारीला तो का लागत नाही याबद्दल आणि जुनी जर वजनावर विकत घेणाऱ्यांबद्दल बोलायचे होते, पण चहा थांबणार नाही.

मागच्या टेबलावर चार नमुने ठेवले आहेत: करवतकाठीचा तुकडा, शिफलीवर केलेली लेस, त्या घागऱ्याची आटलेली लेस, आणि आईने लावलेली क्रोशाची लेस, जी मी एका बाजूने मुद्दाम उसवून ठेवली आहे, म्हणजे तिच्याखालची घडीची रेघ दिसेल. हाताळायला हरकत नाही. फक्त त्या लेसचे सुटे टोक कोणी ओढू नये; क्रोशा आहे, एकदा सुटू लागला की सबंध परकराची उसवेल.